मेल सर्व्हर खरा की खोटा? सर्टिफिकेटबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ईमेल ॲपमधे पोर्ट नंबर कुठला टाकायचा यावर लिहिलं होतं, त्यावर आलेली पत्रं मात्र जवळजवळ सगळी सर्टिफिकेटच्या वॉर्निंगबद्दलच आहेत. त्यामुळे या वेळी दुसरं काही नाही, फक्त हेच. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हर आपली ओळख पटवायला दाखवतो ते, कुणीतरी सही केलेलं डिजिटल ओळखपत्र, आणि एसएसएल किंवा टीएलएस म्हणजे त्या ओळखीवर चालणारं एन्क्रिप्टेड कनेक्शन. सेटिंगची आणि बटणांची नावं इथे देवनागरीत छापलीत, स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील, आणि फाइलीत टाइप करायची असतील तिथे नावातल्या शब्दांच्या मधे अंडरस्कोअर टाका, पुढच्या 'ऑन', 'ऑफ', 'सिस्टिम' यांच्या आधी मात्र नुसती जागा सोडा.

प्रश्न: नमस्कार ताई, इचलकरंजीत आमचं कापडाचं छोटं ऑफिस आहे, डोमेन स्वतःचं, होस्टिंग शेअर्ड. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममधे सर्व्हर म्हणून 'मेल डॉट आमचं डोमेन' टाकलं की सिक्युरिटी एक्सेप्शनची खिडकी येते आणि त्यात 'राँग साइट' दिसतं. होस्टिंगवाल्यांना फोन केला तर म्हणाले कन्फर्म करून टाका, सगळे तेच करतात. करू का?

नका करू. निदान आत्ता लगेच तरी नका करू, आधी त्या खिडकीत काय लिहिलंय ते वाचा, कारण खिडकी दिसायला एकच असली तरी तिच्या तक्रारी तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा. 'राँग साइट' म्हणजे नाव जुळत नाही. 'आउटडेटेड इन्फर्मेशन' म्हणजे मुदत संपलीय किंवा अजून सुरूच झालेली नाही. 'अननोन आयडेंटिटी' म्हणजे ज्याने सर्टिफिकेटवर सही केलीय त्याला तुमचा प्रोग्राम ओळखत नाही. तिन्ही एकदम दिसल्या तर सरळ कॅन्सल, आणि त्या नेटवर्कवरून मेल बघायचाच नाही.

तुमची केस पहिल्या प्रकारातली. शेअर्ड होस्टिंगमधे एकाच मशीनवर ढीगभर डोमेन नांदतात आणि मेल सर्व्हर बऱ्याचदा होस्टिंग कंपनीच्या मशीनच्या नावाचं एकच सर्टिफिकेट सगळ्यांना दाखवतो. तुम्ही हाक मारली तुमच्या डोमेनला, ओ आली दुसऱ्याच नावाने. खिडकीतलं 'व्ह्यू' दाबा आणि 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम' किंवा 'सब्जेक्ट ऑल्ट नेम्स' असा भाग शोधा, त्यात ज्या ज्या नावांसाठी हे सर्टिफिकेट चालतं ती नावं असतात ('कॉमन नेम' म्हणून वर जे दिसतं त्याच्याकडे बघू नका, हल्ली तपासणी या खालच्या यादीवरच होते). तिथे होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरचं नाव दिसलं तर थंडरबर्डच्या 'सर्व्हर नेम'मधे तेच नाव टाकायचं, युजरनेम मात्र तुमचा पूर्ण ईमेल पत्ताच राहील. पण हे नाव केवळ सर्टिफिकेटमधे दिसलं म्हणून उचलू नका हं. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधे लॉगिन करा, तिथे ईमेल अकाउंटच्या शेजारी 'कनेक्ट डिव्हायसेस' किंवा तसलंच काही असतं, त्यात दिलेलं नाव आणि हे नाव एकच आहे का ते बघा. खोट्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटमधेही कुठलं तरी नाव असणारच ना, तेच कॉपी करून टाकलंत तर तपासणी कसली झाली.

दुसरा आणि माझ्या मते चांगला रस्ता म्हणजे होस्टिंगवाल्यांनाच सांगायचं की आमच्या 'मेल डॉट' नावाचं सर्टिफिकेट काढून द्या. कंट्रोल पॅनेल सीपॅनेल असेल तर ऑटोएसएसएल नावाची सोय हे फुकटात आणि आपोआप करते, फक्त डीएनएसमधे, म्हणजे कुठलं नाव कुठल्या सर्व्हरचं ते सांगणाऱ्या नोंदींत, ते नाव त्यांच्या सर्व्हरकडे दाखवलेलं असायला हवं. 'सगळे तेच करतात' हे काही सपोर्टचं उत्तर झालं नाही.

इनकमिंगला नाव बदललं की लोक थांबतात आणि मग पाठवताना परत तीच खिडकी येते. आउटगोइंग सर्व्हर थंडरबर्डमधे अकाउंट सेटिंग्जच्या डाव्या यादीत एकदम तळाला वेगळा असतो, तिथेही नाव बदला. आणि याआधी कुणी ऑफिसात कन्फर्म दाबून ठेवलं असेल तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग मॅनेज सर्टिफिकेट्स, मग 'सर्व्हर्स' टॅब इथे जाऊन ती जुनी एक्सेप्शन डिलीट करा. त्या खिडकीत 'परमनंटली स्टोअर' ची चौकट आधीच टिक केलेली असते, त्यामुळे घाईत दाबलेलं कायमचं होऊन बसतं.

एवढा खटाटोप कशासाठी, कनेक्शन एन्क्रिप्टेड तर आहेच की, असं तुमच्या पार्टनरने विचारलंय. एन्क्रिप्टेड आहे, पण कोणाशी? रजिस्टर्ड पत्र लाखेने सील करून दार उघडेल त्याच्या हातात ठेवलं तर सील कितीही पक्कं असून काय उपयोग, तसं आहे हे. तुमचा मेल प्रोग्राम दर थोड्या वेळाने आपणहून युजरनेम पासवर्ड देऊन लॉगिन करत असतो, तुम्ही चहा पीत असलात तरी. एकदा का कन्फर्म केलं की त्या खोट्या सर्टिफिकेटवाल्या सर्व्हरला तो पासवर्ड न विचारता जाणार. आणि ऑफिसचा मेल हातात आला की बाकी अकाउंटचे पासवर्ड रीसेट करणं हा पोरखेळ आहे.

प्रश्न: ताई, मी पुण्यात कॉम्प्युटर सायन्सच्या सेकंड इयरला आहे. उबुंटूवर मट (मेल वाचायला) आणि एमएसएमटीपी (पाठवायला) वापरून जीमेल चालवायचंय. एका जुन्या ट्युटोरियलमधे इक्विफॅक्सचं सर्टिफिकेट डाउनलोड करून होम फोल्डरमधे ठेवायला सांगितलंय, दुसऱ्यात फिंगरप्रिंट टाकायला, तिसऱ्यात 'टीएलएस सर्टचेक ऑफ' करायला. तिसरं लगेच चाललं. पण ते बरोबर आहे का?

तिसरं चाललं कारण त्यात तपासायचंच बंद केलंस, ती ओळ आधी काढून टाक.

पहिल्या ट्युटोरियलचं वय सांगते. रूट म्हणजे सर्टिफिकेटं देणाऱ्या कंपनीचं सगळ्यात वरचं सर्टिफिकेट, त्याच्यापासून सह्यांची साखळी खाली सर्व्हरपर्यंत येते. इक्विफॅक्स या तसल्या कंपनीच्या ज्या रूट सर्टिफिकेटबद्दल तो लिहितोय त्याची मुदत ऑगस्ट २०१८ मधे संपली, आणि गूगलने तर त्याच्या आधीच साखळी बदलली होती, हल्ली त्यांची स्वतःची रूट आहेत. त्या काळात लोकांना एकेक रूट हाताने आणून ठेवावं लागायचं, आता तुझ्या उबुंटूत 'सीए-सर्टिफिकेट्स' नावाचं पॅकेज आधीच बसलेलं असतं, मोझिलाने तपासून घेतलेल्या रूट्सची यादी त्यात असते आणि अपडेटबरोबर ती ताजी होत राहते. एमएसएमटीपीच्या फाइलीत 'टीएलएस ऑन' आणि 'टीएलएस ट्रस्ट फाइल'पुढे 'सिस्टिम' एवढं लिहिलं की झालं. फार जुनं व्हर्जन असेल आणि त्याला 'सिस्टिम' कळत नसेल तर ईटीसी फोल्डरातल्या एसएसएल, त्यातल्या सर्ट्स, त्यातल्या सीए-सर्टिफिकेट्स डॉट सीआरटी या फाइलीचा पूर्ण पत्ता दे. फेडोरावाल्यांकडे जागा वेगळी आहे, उबुंटूची ओळ तिथे चिकटवू नये.

मटचं जरा तिरपागडं आहे. मट दोन वेगवेगळ्या लायब्ररींवर बनवता येतो, ओपनएसएसएल किंवा जीएनयूटीएलएस, आणि दोन्हींच्या सेटिंग वेगळ्या. ओपनएसएसएलवाल्याला 'एसएसएल यूजसिस्टिमसर्ट्स' कळतं (यातले शेवटचे तीन शब्द एकत्र जोडून, मधे अंडरस्कोअर नाही), जीएनयूटीएलएसवाल्याला 'एसएसएल सीए सर्टिफिकेट्स फाइल'. नेटवरून दुसऱ्याची कॉन्फिग आणली की 'अननोन व्हेरिएबल' असा एरर येतो आणि पोरं म्हणतात मट बिघडला, बिघडलेला नसतो, ती ओळ दुसऱ्या मटची असते. टर्मिनलवर मट लिहून पुढे डॅश व्ही दे, जी लांबलचक यादी येते त्यात जीएनयूटीएलएसच्या आधी अधिक चिन्ह आहे की वजा ते बघ, मग ठरव. 'एसएसएल व्हेरिफाय होस्ट' चालूच ठेव, त्याच्याशिवाय नाव जुळतंय का ते बघितलंच जात नाही आणि मग जगातलं कुठलंही वैध सर्टिफिकेट जीमेल म्हणून खपेल. 'सर्टिफिकेट फाइल' ही सेटिंग वेगळी आहे, मट विचारतो ना रिजेक्ट, वन्स की ऑलवेज, त्यातलं ऑलवेज दाबलं की ते सर्टिफिकेट या फाइलीत जाऊन बसतं. ती फाइल एकदा उघडून बघ, काय काय साठलंय त्यात.

आता फिंगरप्रिंट, म्हणजे एका ठरावीक सर्टिफिकेटची ओळख पटवणारी आकडे-अक्षरांची लांब ओळ. ही कल्पना मुळात वाईट नाही, उलट एका अर्थी जास्त कडक, कारण तू म्हणतोस की मला हेच सर्टिफिकेट हवं, दुसरं कुठलंच नको. एमएसएमटीपीमधे फिंगरप्रिंट दिलास की नेहमीच्या ट्रस्टच्या तपासणीच्या जागी तो लागू होतो. पण जीमेलसारखे सर्व्हर दर काही आठवड्यांनी सर्टिफिकेट बदलतात, फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं तर ९० दिवसांचंच असतं आणि साधारण ६० दिवस झाले की नवीन निघतं. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री मेल बंद पडणार, तू वैतागून चेक ऑफ करणार आणि नंतर परत चालू करायचं विसरणार. आणि मुदती अजून कमी होत चालल्यात, ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट कंपन्या मिळून ठरवलेल्या नियमाप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ ला १०० आणि २०२९ ला ४७. तेव्हा पब्लिक सर्व्हरला सिस्टिमची यादी, फिंगरप्रिंट फक्त स्वतःच्या किंवा ओळखीच्या सर्व्हरला, तोही फोनवर किंवा समोरासमोर विचारून घेतलेला. ज्या कनेक्शनवर शंका आहे त्याच कनेक्शनवरून फिंगरप्रिंट काढून घेण्यात अर्थ नाही.

खात्री करून बघायचं असेल तर ओपनएसएसएलची 'एस क्लायंट' (मधे अंडरस्कोअर) कमांड चालव, होस्ट आणि ९९३ पोर्ट देऊन. खाली 'व्हेरिफाय रिटर्न कोड' येतो, शून्य म्हणजे ठीक, १० म्हणजे मुदत संपली, २० किंवा २१ म्हणजे सही करणारा सापडला नाही. लक्षात ठेव, ही कमांड तपासणीत नापास झालं तरी कनेक्ट होते, आणि नाव जुळतंय का हे तर ती 'व्हेरिफाय होस्टनेम' (मधे अंडरस्कोअर) सांगितल्याशिवाय बघतच नाही, त्यामुळे कनेक्ट झालं म्हणून खूश होऊ नकोस.

सर्टिफिकेट सगळं नीट आणि तरी लॉगिन नाकारलं, तर ते ॲप पासवर्डचं, म्हणजे गूगल खात्यातून एकेका प्रोग्रामसाठी काढायच्या वेगळ्या पासवर्डचं प्रकरण. गूगलने मे २०२२ अखेरपासून अशा प्रोग्रामांना साधा पासवर्ड बंद केलाय.

प्रश्न: मॅडम, मी साताऱ्याचा निवृत्त शिक्षक. विंडोजवर नवीन अँटिव्हायरस टाकल्यापासून थंडरबर्ड रोज 'अननोन आयडेंटिटी' म्हणतो. मुलगा म्हणतो हॅक झालंय, कॉम्प्युटर फॉरमॅट करा.

काका, फॉरमॅट करू नका. खिडकीतल्या 'व्ह्यू'मधे 'इश्युअर' बघा, तिथे बहुतेक तुमच्या अँटिव्हायरसचंच नाव असेल. मेल येता जाता आतून बघता यावा म्हणून काही अँटिव्हायरस स्वतः मधे बसतात आणि सर्व्हरच्या सर्टिफिकेटच्या जागी स्वतः बनवलेलं दाखवतात. त्यासाठी ते आपलं रूट विंडोजच्या यादीत घालून ठेवतात, पण थंडरबर्ड सहसा स्वतःची यादी वापरतो, म्हणून त्याला पत्ता नसतो आणि तो ओरडतो. ओरडतो हे बरंच आहे. अँटिव्हायरसच्या सेटिंगमधे मेलचं एसएसएल स्कॅनिंग असा काहीतरी पर्याय असेल तो बंद करा, अटॅचमेंट उघडताना फाइल स्कॅन होतेच, त्यामुळे फारसं काही बिघडत नाही. इश्युअरच्या जागी ओळखीचं नाव नसलं, तर मात्र मुलाला बोलवा.

प्रश्न: माझ्या जुन्या डेस्कटॉपवर सगळीच सर्टिफिकेटं 'अजून वैध नाहीत' असं येतं, मेलही आणि वेबसाइटही.

मदरबोर्डवरचा सेल गेलाय, घड्याळ मागे गेलंय. सेल बदला, तारीख लावा.

प्रश्न: आमची नाशिकमधे पतसंस्था आहे, मेल सर्व्हर ऑफिसातच ठेवलाय, सर्टिफिकेट आम्हीच बनवलेलं. वीसेक कॉम्प्युटर आहेत, प्रत्येकावर जाऊन एक्सेप्शन कन्फर्म करायची आणि दर वर्षी परत तेच. काही सोपं?

सोपं आहे, पण आधी हे विचारते की तुम्हाला स्वतःचं सर्टिफिकेट हवंच कशाला? संस्थेचं खरं डोमेन असेल तर ऑफिसच्या आतल्या सर्व्हरलाही लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट मिळतं, सर्व्हर इंटरनेटवर उघडा असायची गरज नाही, डीएनएसमधे एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकून डोमेन आपलं आहे एवढं सिद्ध करायचं. मग कुठल्याच कॉम्प्युटरवर काही करावं लागत नाही. फक्त सर्व्हरचं नाव 'सर्व्हर डॉट लोकल' अशा छापाचं असेल तर ते जमणार नाही, असल्या आतल्या नावांना पब्लिक कंपन्यांनी सर्टिफिकेट देणं २०१५ च्या नोव्हेंबरपासूनच बंद आहे. नाव बदला, फार अवघड नाही ते.

नसेलच जमत तर स्वतःचं रूट बनवा, त्या रूटने सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर सही करा आणि वीस कॉम्प्युटरवर फक्त रूट एकदा बसवा. पुढच्या वर्षी सर्व्हरचं सर्टिफिकेट बदललं तरी रूट तेच, कुणाच्या टेबलापाशी जायला नको. विंडोज डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसीने एका जागेवरून सगळीकडे जातं. उबुंटू, डेबियनवर यूएसआर, त्यातल्या लोकल, त्यातल्या शेअरमधल्या सीए-सर्टिफिकेट्स फोल्डरात फाइल ठेवून अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स कमांड द्यायची, पण फाइलीच्या नावाच्या शेवटी सीआरटीच हवं. पीईएम असेल तर कमांड काही न बोलता ती फाइल सोडून देते, एरर नाही काही नाही, आणि माणूस अख्खी दुपार शोधत बसतो.

थंडरबर्डमधे 'ऑथॉरिटीज' टॅबमधून इम्पोर्ट करा. तिथे तो दोन चौकटी दाखवतो, एक 'वेबसाइट ओळखण्यासाठी विश्वास ठेवा' आणि दुसरी 'ईमेल युजर ओळखण्यासाठी'. आपलं काम मेलचं, म्हणून सगळे दुसरी टिक करतात आणि मग वॉर्निंग काही जात नाही. मेल सर्व्हरसाठी पहिली, वेबसाइटवालीच टिक करायची. दुसरी आहे ती सही केलेल्या ईमेलच्या लेखकाची ओळख पटवायला, सर्व्हरशी तिचा संबंध नाही. कुणाला सुचलं असेल असं लिहायला कोण जाणे.

आणि रूटची प्रायव्हेट की, म्हणजे सह्या करायची गुप्त किल्ली, मेल सर्व्हरवर ठेवू नका. ती ज्याच्या हातात पडेल तो तुमच्या वीस कॉम्प्युटरांना बँकेच्या साइटचंही खोटं सर्टिफिकेट दाखवू शकतो, कारण तुम्हीच त्यांना तसा विश्वास ठेवायला सांगितलाय. पेनड्राइव्हवर काढून पासवर्ड लावून तिजोरीत ठेवा, पतसंस्थेत तिजोरी असेलच.

प्रश्न: नागपूरहून. क्लायंटचा मेल सर्व्हर मी बघतो, डव्हकॉट (मेल वाचायला देणारा) आणि पोस्टफिक्स (पाठवणारा). सर्टिफिकेटं आपोआप काढणाऱ्या सर्टबॉट प्रोग्रामने सर्टिफिकेट रिन्यू झालं, वेबसाइट हिरवी, पण मेलला मुदत संपल्याचं येतं. शिवाय क्लायंटच्या लॅपटॉपवर कधीच तक्रार नव्हती, माझ्या स्क्रिप्टला मात्र पहिल्यापासून तपासणीचा कोड २१ (सही करणारा सापडला नाही).

दोन वेगळे घोळ आहेत. फाइल नवी आली तरी डव्हकॉट जुनंच सर्टिफिकेट मेमरीत धरून बसतो, त्याला रीलोड करावं लागतं. सर्टबॉटच्या 'डिप्लॉय हुक'मधे डव्हकॉट आणि पोस्टफिक्स दोन्हींचं रीलोड टाकून ठेवा, नाहीतर दर रिन्यूला हेच होणार.

कोड २१ चं कारण बहुतेक हे की तुम्ही 'सर्ट' नावाची फाइल दिलीय, 'फुलचेन' नाही. पहिलीत फक्त तुमचं सर्टिफिकेट असतं, दुसरीत ते आणि रूट यांच्या मधल्या इंटरमीजिएट सर्टिफिकेटसकट. क्लायंटच्या प्रोग्रामने ते इंटरमीजिएट आधी कुठून तरी मिळवून ठेवलेलं असतं म्हणून त्याचं निभावतं, कोरी स्क्रिप्ट बिचारी अडते. म्हणजे चूक स्क्रिप्टची नाही, सर्व्हरची आहे, आणि अशा वेळी स्क्रिप्टमधली तपासणी बंद करणारे खूप बघितलेत मी. फुलचेन द्या, रीलोड करा, परत कोड बघा.

प्रश्न: पण ताई, सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या, या यादीतल्या इतक्या कंपन्यांवर तरी विश्वास का ठेवायचा? त्यांना कोण तपासतं? (ठाणे)

प्रश्न रास्त आहे. २०११ मधे नेदरलँड्सच्या डिजिनोटार कंपनीत हॅकर घुसले आणि ५०० हून जास्त खोटी सर्टिफिकेटं बाहेर पडली, त्यातलं गूगलचं इराणमधल्या लोकांचे जीमेल वाचायला वापरलं गेलं. सगळ्या ब्राउझरांनी कंपनीला यादीतून हाकललं आणि महिन्याभरात तिचं दिवाळं निघालं. आपल्याकडेही झालंय. जुलै २०१४ मधे नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटर, म्हणजे एनआयसीकडून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं गूगलने पकडलं. एनआयसीच्या वर सही होती भारताच्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीजची, ती मायक्रोसॉफ्टच्या यादीत होती, त्यामुळे विंडोजची यादी वापरणारे प्रोग्राम ते खरं मानून चालले असते, आणि मोझिलाच्या यादीत ती नव्हती म्हणून फायरफॉक्सला धोका नव्हता. कंट्रोलरने एनआयसीची इंटरमीजिएट सर्टिफिकेटं रद्द केली.

म्हणजे यादी कोणाची यावर बरंच काही असतं, आणि ती अपडेट होत राहणं महत्त्वाचं. जुनी विंडोज, अपडेट बंद केलेला लिनक्स, यांच्यात काढून टाकलेल्या कंपन्या तशाच राहतात आणि नव्या आलेल्याच नसतात. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं रूट संपलं तेव्हा लेट्स एन्क्रिप्टवाले कितीतरी सर्व्हर जुन्या मशीनांवर अचानक 'अनोळखी' झाले ते यामुळेच. स्वतः बसून यादीतून नावं उडवायच्या भानगडीत मात्र पडू नका, उद्या कुठला सर्व्हर कशाने बंद पडला ते कळणार नाही.

प्रश्न: फोनवर यातलं काय करायचं? माझ्या जुन्या मेल ॲपमधे 'एसएसएल' आणि 'एसएसएल, ॲक्सेप्ट ऑल सर्टिफिकेट्स' असे दोन पर्याय आहेत. (रत्नागिरी)

पहिला. दुसरा पर्याय म्हणजे समोर कोणीही असो, पासवर्ड देऊन टाक. स्टँडवरच्या, लॉजवरच्या वायफायवर हाच पर्याय महागात पडतो. ऑफिसचं स्वतःचं रूट असेल तर आयफोनवर प्रोफाइल इन्स्टॉल करून भागत नाही, जनरलमधे अबाउट, त्यात अगदी खाली 'सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज' आहे, तिथे बटण चालू करावं लागतं. अँड्रॉइडवर सातव्या व्हर्जनपासून तुम्ही घातलेलं रूट कुठलं ॲप आपणहून मानत नाही, ज्या त्या ॲपच्या मर्जीवर आहे, म्हणून फोन असतील तर पब्लिक सर्टिफिकेटच बरं. आणि पोर्ट येणाऱ्या मेलला ९९३ आणि जाणाऱ्या मेलला ४६५ ठेवा. १४३ किंवा ५८७ वर आधी साधं बोलणं सुरू होतं आणि मग एन्क्रिप्शन लागतं, ॲपमधे 'असेल तर वापर' असा पर्याय निवडलेला असला तर मधला माणूस 'नाही' म्हणून सांगतो आणि पासवर्ड उघडा जातो, सर्टिफिकेट तपासायची वेळच येत नाही.